शेडवाले रोकडे

रोकड्यांच्या घरी वांगी आली की ती आधी खिडकीत जात. भाजीची पिशवी थेट ओट्यावर ठेवायची पद्धत त्यांच्याकडे नव्हतीच. एकेक वांगं उत्तरेच्या खिडकीतल्या उजेडात धरून रोकडे फिरवून बघत, डोळे बारीक करत आणि आत हाक देत, "स्नेहा, आज लाल जास्त आहे गं ह्याच्यात. मागच्या आठवड्यातलं निळ्यावर जात होतं." आतून मुलगी विचारी, "पप्पा, भाजी करू की शोकेसमध्ये मांडू?" इमारतीत नव्याने राहायला आलेल्यांना हा प्रकार वेडगळ वाटे. मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो, शिवाय जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली. मला त्यांचा हेवा वाटे. तीसेक वर्षं मी पोरांवर "रंग बघा रे, रंग बघा" म्हणून ओरडत आलो, पण वांग्याला खिडकीपर्यंत नेण्याइतका रंग मी स्वतः कधी बघितला नव्हता.

भास्कर रोकडे डोंबिवलीच्या औद्योगिक भागातल्या एका रंगाच्या कारखान्यात शेड मॅचिंगला होते. गिऱ्हाईक कापडाचा बोटभर तुकडा पाठवायचं आणि त्याच्याशी तंतोतंत जुळणारा रंग ह्यांनी तयार करायचा. तपासायला मशीन होतं. पण मशीनने पास केलेला माल रोकड्यांनी नापास केला तर साहेब रोकड्यांचं ऐकत. "मशीन आकडा बघतं सर, गिऱ्हाईक कापड बघतं," असं ते म्हणत. त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "ओला रंग खोटं बोलतो." ओल्या कापडावर रंग नेहमी गडद दिसतो, म्हणून ते सुकल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. हा नियम ते माणसांनाही लावत. नवा शेजारी कसा आहे विचारलं तर म्हणत, "सुकू द्या थोडा."

एके दिवशी कारखान्याच्या फाटकाला कुलूप आणि कुलपाशेजारी नोटीस लागली. रोकडे डबा घेऊन गेलेले, डबा घेऊनच परत आले. बायको आधीच वारलेली, मुलगी स्नेहा ठाण्याला एका ऑफिसात कामाला. दिवसभर घरात एकटा माणूस आणि त्याचे ते डोळे. चार-सहा महिने ते नुसते खिडकीत बसून असत. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे हवा जरा निवळलेली असते. त्या दिवशी ते मला म्हणायचे, "आज आकाशाची शेड बरोबर आहे." बाकीचे सहा दिवस आकाश नापास.

स्नेहाचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर घरात पडून होता. तिने कधीतरी प्रॅक्टिकलसाठी केलेला एक प्रोग्राम त्यात राहिला होता. एका दुपारी रोकड्यांनी तो उघडला आणि संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजवली. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्याकडे चपला न घालता, धावत आल्यासारखे आले.

"सर, जरा येता का? मला कळत नाहीये हे काय आहे, पण काहीतरी आहे."

पडद्यावर एक काळा ठिपका होता, फुगीर, मुळं फुटलेल्या कांद्यासारखा. त्याच्या कडेला रंगांची झालर. रोकड्यांनी कडेवर एक छोटी चौकट ओढली. ती मोठी होऊन पडदाभर पसरली, तर त्या झालरीत आणखी झालरी. पुन्हा चौकट, पुन्हा झालरी. आतल्या एका झालरीत पुन्हा तोच कांदा, मोहरीएवढा.

"ह्याला फ्रॅक्टल म्हणतात. स्नेहाने सांगितलं फोनवर. एक बिंदू घ्यायचा, एका छोट्या सूत्रातून काढायचा. जे उत्तर येईल ते परत त्याच सूत्रात घालायचं. परत, परत. काही बिंदू तिथल्या तिथे घुटमळत राहतात, ते काळे. काही पळून जातात. पळायला किती फेऱ्या लागल्या त्याच्यावर रंग." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "म्हणजे आपलं डाइंगच की हो सर! एक बुचकळा, दोन बुचकळे, पन्नास बुचकळे. फक्त हे कापड संपत नाही."

मला ते गमतीदार वाटलं. "छान आहे, कॅलेंडरला चांगलं दिसेल," असं मी म्हणालो. चित्रकलेच्या मास्तराला जे आवडत नाही ते तो कॅलेंडरकडे ढकलतो.

पुढची तीन वर्षं ह्या माणसाने दुसरं काही केलं नाही. सकाळी नऊला बसायचं, त्या कडेवर भटकायचं. एखादी जागा सापडायला कधी तीन-तीन आठवडे लागत. जागा सापडली की खरं काम सुरू होई. प्रोग्रामने दिलेले भडक रंग काढून टाकायचे आणि किती फेऱ्यांना कोणता रंग, हे एकेक करून ठरवायचं. चार-चारशे छटा. त्यातल्या दोन छटांमधला फरक मला चष्मा लावूनही दिसत नसे. "दिसत नाही म्हणजे नाही असं नाही. शेजारी ठेवल्यावर टोचेल," म्हणत ते तो फरक ठेवत. मोठं चित्र तयार व्हायला त्या म्हाताऱ्या मशीनला दीड-दीड दिवस लागे. शुक्रवारी दुरुस्तीसाठी आमच्याकडची वीज जाते, म्हणून गुरुवारी ते मोठं काम कधीच लावत नसत. दोन वेळा फसले होते. दुसऱ्या वेळी अर्धं झालेलं चित्र गेल्यावर ते दिवसभर जेवले नाहीत, हे मला स्नेहाने सांगितलं.

घरी येणारा प्रत्येक माणूस त्या चित्रांत काहीतरी शोधायचा. तळमजल्यावरच्या काकूंना गणपती दिसला, त्यांच्या सुनेला मोर. रोकड्यांच्या टिटवाळ्याच्या मेव्हण्यांना गर्दीचा मोर्चा दिसला. रोकडे हसून चहा देत, पण ती माणसं गेल्यावर चिडत. "गणपती दिसला की माणूस बघायचा थांबतो, सर. हात जोडतो आणि मोकळा होतो." त्याच कारणाने त्यांनी एकाही चित्राला नाव दिलं नाही. "नाव दिलं की लोक चित्र बघत नाहीत, नाव शोधतात."

माझ्यावर मात्र त्यांची भिस्त होती. नवं चित्र झालं की ते मला बोलवत, खुर्ची देत आणि स्वतः मागे उभे राहत. शेवटी प्रश्न एकच. "सर, हे चित्र आहे का?"

आवडलं का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. चित्र आहे का, एवढंच. आयुष्यभर दुसऱ्याने पाठवलेल्या तुकड्याबरहुकूम रंग केलेला माणूस. पहिल्यांदाच त्याच्यापुढे तुकडा नव्हता. शेड लागली की नाही हे सांगणारं कुणीतरी त्याला हवं होतं आणि त्यासाठी त्याने मला निवडलं होतं. मी म्हणायचो, "मेहनत दिसते हो." किंवा, "पण ह्यात तुमचा हात कुठे आहे, रोकडे?"

"हात नाहीये सर. नजर आहे. समुद्र मी केला नाही, कबूल. पण कुठं उभं राहायचं आणि किती वाजता, ते मीच ठरवलं ना?"

हे उत्तर मला तेव्हाही बिनतोड वाटलं होतं. पण बिनतोड उत्तर मिळालं की मी गप्प बसतो, कबूल करत नाही. माझा स्वभावच तो.

आमच्या भागात एक छोटं कलामंडळ आहे. दरवर्षी शाळेचा हॉल घेऊन ते तीन दिवस प्रदर्शन भरवतं. जलरंग, तैलरंग, शिल्प, रांगोळी, फोटो असे विभाग असतात आणि मी निवड समितीवर आहे. एके वर्षी रोकड्यांनी अर्ज भरला. 'माध्यम' ह्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'सूत्र व नजर'. समितीच्या बैठकीत त्यावर हशा पिकला. कार्यवाह नेने म्हणाले, "सर, तुमच्या शेजारचे ना हे? तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "माणूस सज्जन आहे. पण बटण दाबलं की होतं हे. ह्यात हात कुठे आहे?"

अर्ज बाजूला पडला. घरी येऊन मी रोकड्यांना सांगितलं, "समितीचं काही जमलं नाही हो. जुन्या विचारांची माणसं." ते म्हणाले, "असू द्या. तुम्ही बोललात ना माझ्या बाजूने, बास झालं." मी बरं म्हणून आमच्या दारात शिरलो. काहीतरी बिनसलंय हे आमच्या हिच्या लक्षात आलं, कारण त्या दिवशी मी जेवताना दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घेतलं नाही.

पुढल्या वर्षापर्यंत मला जरा पश्चात्ताप झाला होता. जरा म्हणजे जेवढ्याने फारसं अडत नाही तेवढा. मी रोकड्यांना म्हटलं, एक चित्र द्या, यंदा लावून घेतो. त्यांनी तोवर झालेल्या बारा चित्रांमधलं एक निवडायला आठ दिवस घेतले. पेन ड्राइव्ह आणि सोबत एक लहान कागदी पट्टी माझ्या हातात दिली. पट्टीवर त्यांनी स्वतः रंग लावून सहा छटा काढलेल्या होत्या. "छापणाऱ्याला एवढी पट्टी दाखवा. ह्याच्याशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर लावूच नका."

समितीत पुन्हा वाद घालायचा मला कंटाळा होता. खरं लिहायचं तर भीती होती, गेल्या वर्षी मी काय म्हणालो होतो ते कुणीतरी काढलं असतं. म्हणून बैठकीत विषय न काढता मी पेन ड्राइव्ह नेन्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "रोकड्यांची फाइल आहे. चांगली आहे. कुठेतरी लावा." पट्टी माझ्या शर्टाच्या खिशात राहिली आणि शर्टाबरोबर धुतली गेली.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी रोकडे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मला घ्यायला आले. सोबत स्नेहा, टिटवाळ्याचे मेव्हणे-मेव्हणी आणि दिवा गावाहून त्यांची थोरली बहीण. बहीण नळाला पाणी यायची वेळ चुकवून आली होती, हे तिने जिन्यातच सांगितलं. रोकड्यांनी तिचा हात धरला होता. हॉलच्या दाराशी पोचलो आणि मला ते दिसलं.

नेन्यांनी फाइल कल्याणच्या फ्लेक्सवाल्याकडे पाठवली होती. फ्लेक्सवाल्याने आपल्या समजुतीप्रमाणे रंग उठावदार केले होते. पंधरा फूट रुंदीच्या त्या फ्लेक्सवर लाल अक्षरात 'सुस्वागतम्' होतं, खाली मंडळाचं नाव, त्याखाली उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांचे तीन फोटो. मागे, सगळ्याच्या मागे, रोकड्यांची तीन वर्षं.

बहीण म्हणाली, "भास्कर, तुझं कुठलं रे ह्याच्यात?"

तेवढ्यात नेने उत्साहाने पुढे आले. त्यांच्या मनात खरोखर काही वाईट नव्हतं. "या या, रोकडे! बघा तुमचं डिझाइन सगळ्यात मोठं लावलंय. हल्ली मोबाइलला नुसतं सांगितलं तरी चित्र काढून देतो म्हणा, पण घरचं ते घरचं. गेल्या वर्षी सरच नको म्हणाले होते, ह्यात हात नाही म्हणून. यंदा त्यांनीच फाइल आणून दिली. म्हणाले, कुठेतरी लावा."

रोकड्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते फ्लेक्सच्या जवळ गेले, अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत नाक लावल्यासारखे उभे राहिले. मग मागे वळून मेव्हण्यांना म्हणाले, "शेड चुकली." एवढंच. बहिणीला त्यांनी सगळं प्रदर्शन हिंडून दाखवलं, रांगोळ्यांपाशी जास्त वेळ थांबले, एका शाळकरी मुलीच्या जलरंगाचं कौतुक केलं आणि सगळ्यांना घेऊन घरी गेले.

त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले असं झालं नाही. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. जिन्यात भेटले की "काय सर, बरं आहे ना?" म्हणत. पाणी आलं नाही की आम्हाला बादली देत. फक्त चित्र बघायला बोलवायचे थांबले. मीही गेलो नाही. काय तोंडाने जाणार होतो?

वर्षभराने रोकड्यांच्या लघवीतून रक्त जायला लागलं. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, काम कुठे करायचात? रोकडे म्हणाले, "रंगात." रंगाच्या कारखान्यातली माणसं आधीही बघितल्यासारखी डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. हे सांगताना स्नेहा रडली नाही, पण मला सांगून झाल्यावर ती आमच्या दारातच खाली बसली.

ते दवाखान्यात असताना एका सकाळी स्नेहाने मला बोलावलं. बापाची चित्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायची होती आणि कुठली शेवटची, कुठली अर्धवट हे तिला कळत नव्हतं. तिने एक चित्र उघडलं आणि चहा टाकायला गेली. मी त्यांच्या खुर्चीत बसलो. माझ्या मागे त्या दिवशी कुणी उभं नव्हतं.

पडदा बहुतांश राखाडी होता. डाव्या अंगाने एक कड वर चढत होती. तिला फाटे फुटलेले, फाट्यांना फाटे. आधी वाटलं, सगळे एकसारखेच आहेत, यंत्राचं काम. मग नजर स्थिरावली तसं दिसायला लागलं की एकही दुसऱ्यासारखा नाही. प्रत्येक फाटा आधीच्यासारखा व्हायला बघत होता आणि थोडक्यात चुकत होता. चुकून जरा वाकत होता, आणि तो वाक पुढच्याला मिळत होता. कड जिथे सगळ्यात दाट झाली होती तिथे हळदीचा एक धागा होता, केसाएवढा. बाकी सगळ्या पडद्यावर पिवळं कुठे नव्हतं. सूत्राला फक्त फेऱ्यांचा आकडा ठाऊक. त्या एकाच आकड्याला हळद द्यायची आणि बाकी कशालाही द्यायची नाही, हे रोकड्यांनी ठरवलं होतं.

चित्रात नजरेला टेकायला जागा हवी, असं मी पोरांना शिकवत आलो. इथे ती नव्हती. कुठेही टेकायला गेलं की तिथून आणखी खाली वाट निघत होती आणि ती कुठेच पोचत नव्हती. फाटकाला कुलूप लागल्यानंतर खिडकीत बसलेल्या माणसाचे दिवस असेच गेले असतील. मला खरीखुरी भीती वाटली. स्नेहा चहा ठेवून गेली, चहावर साय आली, ती काळी पडली. असं चित्र मी आयुष्यात काढलं नव्हतं आणि माझ्या ओळखीत कुणी काढलं नव्हतं. आणि मी ह्या माणसाच्या कामाला कॅलेंडर म्हणालो होतो.

त्याच दुपारी मी ठाण्याला गेलो. रोकडे अर्धे उरले होते. पलंगावर चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं इतके. मी स्टूल ओढून बसलो आणि सरळ बोललो. गेल्या वर्षीचं, त्याआधीचं, बैठकीतलं, पट्टीचं, सगळं. मग म्हणालो, "रोकडे, आज मी ते राखाडी चित्र बघितलं. पाऊण तास बघितलं. ते चित्र आहे. मी बघितलेल्या चांगल्या चित्रांपैकी आहे."

त्यांनी डोळे उघडले. "कोणतं राखाडी?"

"डावीकडून कड चढते ते."

"ते राखाडी नाही. हिरव्यावर आहे." थोडा दम घेऊन त्यांनी विचारलं, "त्याच्यात वेगळं काय आहे?"

"हळदीचा धागा. एकच आहे. दाट जागी."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी घाईघाईने पुढे बोलत सुटलो. फाट्यांचं सांगितलं, ते सारखे व्हायला बघतात आणि चुकतात ते, भीती वाटली ते. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा मी आठवेल ते सगळं सांगत होतो. रोकड्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्या हातात वजन नव्हतं.

"सर, तुम्ही मुद्दाम एवढ्या लांब आलात. बरं वाटलं. पण आता तुम्ही दुसरं काय म्हणणार?"

"नाही हो, रोकडे, मी खरंच..."

"असू द्या," ते म्हणाले. समितीने अर्ज नाकारला तेव्हा म्हणाले होते तितक्याच साधेपणाने. मग इमारतीत पाणी येतंय का, हे त्यांनी विचारलं. मी येतंय म्हणालो. नर्स आली, मला बाहेर जायला सांगितलं.

नऊ दिवसांनी ते गेले. घरात बुद्धवंदना झाली, टिटवाळ्याचे, दिव्याचे सगळे आले. नेनेही हार घेऊन आले होते. मी दाराशी उभा होतो. लोक स्नेहाला सांगत होते की तिचे वडील फार मोठे कलाकार होते, आणि ती प्रत्येकाला मान हलवून हो म्हणत होती. मला बघून ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, तुम्ही गेल्यावर पप्पा म्हणाले, सर भला माणूस आहे, माझ्यासाठी खोटं बोलायला ठाण्यापर्यंत आला."